गेम अडखळतो कुठे, थिजतो कुठे? जुन्या कन्सोलच्या एम्युलेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

जुन्या कन्सोलचे गेम दुसऱ्या यंत्रावर चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर. त्याबद्दलच्या या वेळच्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा आले आहे: ‘गेम लॅग मारतो, काय करू?’ एवढ्यावरून उत्तर देता येत नाही. गेम कधी अडखळतो ते लिहा. ठरावीक सेकंदांनी, की अर्ध्या तासानंतर? एखादा स्फोट पहिल्यांदा दिसताना, की दर वेळी त्याच दृश्यावर? अर्धे निदान तिथेच होते. आणि उपाय करताना एका वेळी एकच सेटिंग बदला. दहा सेटिंग एकदम बदलली तर गेम सुधारूनही कशामुळे सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

प्रश्न (म्हापसा): रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर रेट्रोपाय ही एम्युलेटरांची प्रणाली टाकून तो टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवला आहे. मोबाइलच्या फास्ट चार्जरवर चालतो. पहिली वीसेक मिनिटे सगळे ठीक, मग प्लेस्टेशन आणि निन्टेंडो ६४ चे गेम ओढल्यासारखे चालतात, आवाज तुटतो. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरळीत. पाय ५ घेऊ का?

उत्तर: अजून पैसे घालू नका. वापरता वापरता बिघडणे आणि विश्रांतीनंतर सुधारणे ही उष्णतेची खूण आहे. शिवाय तुमच्या पत्रात दुसरा संशयितही आहे, तो म्हणजे चार्जर. दोन्ही तपासा.

उष्णता आधी. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला पोचला की आपला वेग आपणच कमी करू लागतो आणि ८५ च्या पुढे तो आणखी कापतो. हे संरक्षण आहे, बिघाड नव्हे. पण एम्युलेटरला प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे प्रत्येक चित्र, सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार हवी असते. वेग उतरला की ती वेळ चुकते, आवाजाचा साठा रिकामा होतो आणि खरखर ऐकू येते. मे महिन्यात आपल्याकडे खोलीतच ३३–३४ अंश असतात. एसीच्या २४ अंशांशी तुलना केली तर दहा अंशांची सवलत सुरुवातीलाच गेलेली असते, आणि काचेच्या बंद शोकेसमध्ये तर गरम हवेला बाहेर पडायला वाटच नाही.

टर्मिनल उघडा, किंवा दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीने, आत शिरा. व्हीसीजेनसीएमडी (vcgencmd) ही आज्ञा ‘मेझर टेम्प’ (measure_temp) या पर्यायासह द्या, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. गेम सुरळीत असताना एकदा आणि अडखळू लागल्यावर एकदा आकडा लिहून ठेवा. मग तीच आज्ञा ‘गेट थ्रॉटल्ड’ (get_throttled) या पर्यायासह द्या. उत्तरात ‘शून्य एक्स’ नंतर नुसते ० आले तर बूट केल्यापासून कसलीच तक्रार नाही. ५०००० आले तर मध्यंतरी केव्हातरी व्होल्टेज कमी पडले आणि वेग कापला गेला. ५०००५ आले तर या क्षणीही तेच चालले आहे. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्हही येते, पण ते सगळ्या आवृत्त्यांत दिसत नाही. भरवसा आज्ञेवर ठेवा.

आता चार्जर. फास्ट चार्जर ९ किंवा १२ व्होल्ट देतो ते फोनने मागितल्यावर. पाय ४ मागत नाही, म्हणून त्याला ५ व्होल्टच मिळतात. ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की तो कमी दाबाची नोंद करतो. म्हणजे हाताशी जेमतेम ०.३७ व्होल्ट उरतात. बारीक, लांब केबलचा जाण्यायेण्याचा रोध ०.२ ओहम धरला आणि पाय २ अँपिअर ओढत असेल, तर ०.४ व्होल्ट केबलमध्येच संपतात. म्हणूनच पायचा स्वतःचा अडॅप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा असतो आणि त्याची केबल जोडलेलीच येते. तोच घ्या. त्या पैशाइतका परिणाम दुसऱ्या कशाने होणार नाही.

उष्णतेसाठी पाय शोकेसबाहेर काढा. संपूर्ण ॲल्युमिनियमची, प्रोसेसरला थर्मल पॅडने टेकणारी केस बसवा, किंवा हीटसिंकवर ३० मिलिमीटरचा पंखा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना पंख्यावर खारट, दमट धूळ चिकटून बसते आणि तो हळू फिरू लागतो. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा ब्रशने साफ करा. यूएसबी-सीच्या तोंडावर हिरवट-पांढरा थर दिसला तर वीज पूर्ण काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या मऊ ब्रशने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसरचा वेग मुद्दाम वाढवणे, केले असेल तर तूर्त काढून टाका.

एवढे झाल्यावर प्लेस्टेशन नीट चालायला हवे. निन्टेंडो ६४ चे काही गेम मात्र पाय ४ वर थंड असतानाही पूर्ण वेग गाठत नाहीत. तिथे रिझोल्यूशन मूळ ३२० × २४० वर आणून पाहा. तेवढ्यानेही भागले नाही, तर पाय ५ चा विचार करायला हरकत नाही.

प्रश्न (फोंडा): संगणक चांगला आहे, अनेक कन्सोलांचे एम्युलेटर एकत्र चालवणारा रेट्रोआर्क वापरतो. आठ-बिटी गेममध्ये पात्र धावत असताना पडदा दर काही सेकंदांनी हलकासा झटका खातो. फ्रेमरेट तर कायम ६० दिसतो!

उत्तर: हा प्रश्न बारकाईने पाहून लिहिलेला आहे, म्हणून सविस्तर उत्तर.

आधी त्या आकड्याबद्दल. रेट्रोआर्क फ्रेमरेटची सरासरी दाखवतो आणि मूळ सेटिंगमध्ये ती २५६ फ्रेमनंतर, म्हणजे चारेक सेकंदांनी बदलते. मध्ये एक फ्रेम हुकली तरी सरासरी ६० च राहते. ऑन-स्क्रीन नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये हा अवधी कमी करा आणि ‘डिस्प्ले स्टॅटिस्टिक्स’ चालू करा. आकडा ५० किंवा ४५ वर घसरत असेल तर यंत्राला काम झेपत नाही. घसरत नसेल आणि तरी झटका दिसत असेल, तर दोष ताकदीचा नाही, वेळेच्या मेळाचा आहे.

निन्टेंडोचा आठ-बिटी कन्सोल, त्याचे अमेरिकी-जपानी रूप, सेकंदाला नेमके ६० चित्रे काढत नसे. तो ६०.०९८८ काढत असे. मॉनिटर बरोबर ६० हर्ट्झचा असेल तर दर दहा सेकंदांना एक फ्रेम जास्तीची होते. मॉनिटर ५९.९४ वर असेल तर दर सहा-सव्वासहा सेकंदांना. घड्याळ लावून झटक्यांमधले अंतर मोजा. यापैकी काही जुळले तर निदान पक्के.

रेट्रोआर्कमध्ये यावर उपाय आहे. चित्र मॉनिटरच्या गतीला बांधले जाते आणि आवाज कानाला न कळेल इतका ताणला किंवा आखडला जातो. त्यासाठी व्हिडिओ सेटिंगमधले व्ही-सिंक चालू हवे आणि ऑडिओमधले ‘डायनॅमिक ऑडिओ रेट कंट्रोल’ ०.००५ वर, म्हणजे मूळ मूल्यावर हवे. कुणीतरी ‘लॅग कमी होतो’ म्हणाले म्हणून अनेक जण व्ही-सिंक बंद करतात आणि हा सगळा मेळच तुटतो. मग व्हिडिओच्या ‘आउटपुट’ विभागात जाऊन अंदाजित रिफ्रेश रेट पाहा. पडदा एक-दोन मिनिटे तसाच राहू दिलात की आकडा स्थिरावतो, तो तिथेच एंटर दाबून स्वीकारा.

मॉनिटर ७५ हर्ट्झवर असेल तर आधी ६० वर आणा. ६० चित्रे ७५ खणांत भरायची म्हणजे दर चौथे चित्र दोनदा दाखवावे लागते, सेकंदाला पंधरा बारीक धक्के. १४४ हर्ट्झवालेही याच फेऱ्यात सापडतात. त्यांनी १२० निवडावे, कारण त्याला ६० ने पूर्ण भाग जातो. मॉनिटरमध्ये जी-सिंक किंवा फ्रीसिंक (गेमप्रमाणे गती बदलण्याची सोय) असेल तर ‘सिंक टू एक्झॅक्ट कंटेंट फ्रेमरेट’ चालू करा आणि मॉनिटरलाच गेमच्या मागून जाऊ द्या.

आर्केडचे गेम खेळणाऱ्यांना हा शेवटचा उपाय फार मोलाचा आहे. मॉर्टल कॉम्बॅटचे मशीन सुमारे ५४.७ हर्ट्झवर चाले, आर-टाइप ५५ वर. ही तफावत आठ-नऊ टक्क्यांची आहे आणि रेट्रोआर्कची ‘मॅक्सिमम टायमिंग स्क्यू’ मर्यादा, म्हणजे मेळासाठी गेमचा वेग किती बदलू द्यायचा ते, मुळात ५ टक्के. ती वाढवली तर झटके जातील, पण गेम जलद पळेल आणि संगीताची पट्टी चढेल. तसे करू नये. ज्याने तो गेम घडवला त्याने तो वेग विचार करून ठरवला होता. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर थोडे धक्के सोसावेत, वेगाला हात लावू नये.

लॅपटॉपवर खेळत असाल तर विंडोजचा ‘बॅटरी सेव्हर’ (नव्या आवृत्तीत ‘एनर्जी सेव्हर’) बंद आहे ना, तेही पाहा.

प्रश्न (डिचोली): लहानपणी टीव्हीला लावून खेळायचो त्या कॅसेटच्या डब्यावरचा गेम आता एम्युलेटरवर लावला तर फारच वेगाने पळतो. फाइल खराब आहे का?

उत्तर: फाइल चांगली आहे, बहुधा आठवणही बरोबर आहे. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. ६० साठी लिहिलेला गेम ५० हर्ट्झच्या टीव्हीसाठी बनवलेल्या डब्यावर सुमारे १७ टक्के हळू चाले. रेट्रोआर्कमधल्या नेस्टोपिया किंवा एफसीईयूएमएम या कोअरच्या, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या भागाच्या, पर्यायांत ‘रीजन’ असतो. तिथे ‘पाल’ऐवजी ‘डेंडी’, म्हणजे निन्टेंडोच्या नकली डब्यांची ५० हर्ट्झची पद्धत, निवडा. अधिकृत युरोपी कन्सोलचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चाले, म्हणून त्यावर संगीत हळूही होते आणि खालच्या पट्टीतही जाते. डेंडी धर्तीच्या डब्यात तो १.७७ वर, मूळच्या १.७९ च्या अगदी जवळ. म्हणून चाल हळू, पण पट्टी जवळजवळ तीच. तुमच्या कानात बसलेले संगीत असे असेल तर डबाही याच धर्तीचा.

मात्र ५० ची चित्रे ६० च्या पडद्यावर धक्के देतात. टीव्ही एचडीएमआयवर ५० हर्ट्झ स्वीकारत असेल, आणि आपल्याकडचे बहुतेक स्वीकारतात, तर संगणकाचे आउटपुट १०८० रेषा, ५० हर्ट्झवर ठेवा.

प्रश्न (वाळपई): डॉल्फिन या एम्युलेटरवर निन्टेंडो गेमक्यूबचे गेम. नवा शत्रू किंवा नवा स्फोट दिसला की क्षणभर सगळे थांबते. दुसऱ्यांदा तेच दृश्य आले तर थांबत नाही. ग्राफिक्स कार्ड बदलू?

उत्तर: ‘दुसऱ्यांदा थांबत नाही’ हे तुम्ही लिहिलेत म्हणून उत्तर सोपे झाले. गेमक्यूबच्या चित्रचिपला दिलेला प्रत्येक नवा हुकूम तुमच्या कार्डासाठी छोट्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे शेडरच्या रूपात नव्याने बांधावा लागतो. बांधून होईपर्यंत गेम थांबतो, नंतर तो साठ्यातून मिळतो. २०१७ मध्ये डॉल्फिनमध्ये उबरशेडर (सगळे हुकूम पेलणारा एकच मोठा शेडर) आले ते याच दुखण्यावर. ग्राफिक्स सेटिंगमध्ये शेडर कंपायलेशन ‘हायब्रिड उबरशेडर्स’ करा आणि खालचे ‘कंपाइल शेडर्स बिफोर स्टार्टिंग’ चालू ठेवा. गेम सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, तो लागू द्या. ‘एक्स्क्लुझिव्ह’ नावाचा पर्याय जोरदार कार्डाशिवाय वापरू नका. ग्राफिक्सचा बॅकएंड, म्हणजे चित्र काढायची पद्धत, ओपनजीएल असेल तर व्हल्कन लावून पाहा. कार्डाचा ड्रायव्हर अपडेट केल्यावर साठा पुन्हा बांधावा लागतो, त्यामुळे पहिला दिवस अडखळत गेला तर घाबरू नका.

याउलट, गेम कुठेही, कोणत्याही क्षणी कायमचा थिजत असेल तर तो निराळा आजार. तेव्हा ‘ड्युअल कोअर’ बंद करून पाहा. वेग उतरतो, पण एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांची वेळ चुकून होणारे थिजणे थांबते.

प्रश्न (काणकोण): माझ्याकडच्या जुन्या प्लेस्टेशन डिस्कची मीच प्रत काढली. गेम खेळता येतो, पण चित्रफीत सुरू झाली की काळा पडदा, आणि पुढे काहीच नाही. दर वेळी तिथेच.

उत्तर: दर वेळी त्याच जागी थिजत असेल तर वीज, उष्णता, मेमरी सगळे निर्दोष. दोष बहुधा प्रतीत आहे. फाइलच्या नावाशेवटी आयएसओ असेल तर इथेच थांबा, कारण सापडले.

प्लेस्टेशनच्या डिस्कवर प्रत्येक सेक्टर, म्हणजे माहितीचा एक तुकडा, २३५२ बाइटचा असतो. आयएसओ प्रत प्रत्येक सेक्टरमधले २०४८ बाइट ठेवते आणि बाकीचे टाकून देते. साध्या माहितीला तेवढे पुरतात, पण चित्रफीत आणि तिच्यासोबतचा आवाज अशा सेक्टरमध्ये असतो ज्यात २३२४ बाइट कामाचे असतात. तो भाग कापला गेला की चित्रफीत वाचताच येत नाही. म्हणून गेम चालतो आणि फीत आली की अडतो. प्रत पुन्हा काढा, आणि ती बिन आणि क्यू या जोडीच्या स्वरूपातच. इमेजबर्न (ImgBurn) हा प्रोग्रॅम हे काम नीट करतो. वेग कमीत कमी ठेवा. बिन फाइलचे नाव नंतर बदललेत तर क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडून आतले नावही तसेच बदला, नाहीतर गेम सुरूच होणार नाही.

प्रत काढण्याआधी डिस्क उजेडात तिरकी धरून पाहा. आपल्या हवेत कपाटात राहिलेल्या डिस्कवर बुरशीचे ढगाळ ठिपके येतात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसणे नेहमी मध्यापासून कडेकडे सरळ. गोलगोल पुसू नका. गोल ओरखडा एकाच मार्गावरची सलग माहिती खातो आणि ड्राइव्हची चूक-दुरुस्ती तिथे हरते. प्रत झाल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, रीडम्प या संकेतस्थळाच्या यादीतल्या आकड्याशी ताडून पाहा. जुळला तर प्रतीवर पुन्हा कधी संशय घ्यायला नको.

डिस्क युरोपी असेल तर आणखी एक गोष्ट. त्यांतल्या काहींवर लिबक्रिप्ट नावाचे कुलूप होते. प्रत निर्दोष असूनही असा गेम ठरावीक टप्प्यावर मुद्दाम थिजतो, कारण त्याला कुलपाची खूण सापडत नाही. एसबीआय नावाची छोटी फाइल क्यू फाइलच्या शेजारी, त्याच नावाने ठेवावी लागते.

बायोस, म्हणजे कन्सोलचा मूळ प्रोग्रॅम, तोही तपासा: अमेरिकी डिस्कला एससीपीएच ५५०१, जपानीला ५५००, युरोपीला ५५०२, आणि प्रत्येक फाइल बरोबर ५१२ किलोबाइट. पीसीएसएक्स रीआर्म्ड हा कोअर बायोस नसतानाही नकली बायोसवर गेम चालू करतो, त्यामुळे उणीव लक्षात येत नाही, आणि पुढे केव्हातरी गेम थिजतो.

सगळे ठीक झाल्यावर बिन-क्यूचे सीएचडीमॅन (chdman) या साधनाने सीएचडी या आटोपशीर स्वरूपात रूपांतर करा. एकच फाइल राहते, जागा कमी लागते आणि एकही बाइट जात नाही.

प्रश्न (मडगाव): चवथीला घरात सगळी भावंडे जमतात. एका ब्लूटूथ कंट्रोलरवर ठीक चालते, तीन जोडले की पात्र धावतच राहते, बटण सोडले तरी थांबत नाही.

उत्तर: गेम ठीक आहे, कंट्रोलरचा निरोप वाटेत हरवतो आहे. ब्लूटूथ आणि वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर, आणि यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कची केबलही त्याच पट्ट्यात गोंगाट करते. ब्लूटूथचा डोंगल एक मीटरच्या यूएसबी २ एक्स्टेंशनवर लावून डिस्कपासून दूर, समोर आणा. राउटर ५ गिगाहर्ट्झवर घ्या. चौघे-पाचजण खेळणार असतील तर दोन कंट्रोलर तरी वायरचे ठेवा, सणाच्या दिवशी खोळंबा नको.

प्रश्न (कुडचडे): सीआरटी शेडर (जुन्या टीव्हीसारखे चित्र), रिवाइंड (गेम मागे नेणे) आणि रन-अहेड (बटणाचा उशीर कमी करणे) तिन्ही चालू केले आणि सुपर निन्टेंडोचे गेम अडखळू लागले. कोणते बंद करू?

उत्तर: रिवाइंड आधी. ते सतत गेमची पूर्ण स्थिती साठवत असते. मग रन-अहेड १ फ्रेमवर आणा. ते प्रत्येक फ्रेमसाठी गेम एकाहून जास्त वेळा चालवते, म्हणून दोन-तीन फ्रेमवर ठेवले की प्रोसेसर दमतो. शेडर शेवटी.

प्रश्न (पेडणे): हातात धरायचा छोटा कन्सोल आहे, मेमरी कार्ड त्यासोबतच आलेले. मेनू हळू उघडतो, गेम कुठेही हँग होतो. पावसात लाईट गेली तेव्हा घरचा पायही असाच बंद पडला आणि परत सुरूच झाला नाही. दोन्हीचे दुखणे एकच का?

उत्तर: होय, कार्डाचे. कन्सोलसोबत येणारी बिननावाची कार्डे बदलणे हे पहिले काम. आधी जुन्या कार्डावरचे सेव्ह आणि बायोसचे फोल्डर संगणकावर उतरवा, कारण कार्ड कधीही दगा देऊ शकते. मग विश्वासू दुकानातून ए१ दर्जाचे ३२ किंवा ६४ जीबीचे कार्ड घ्या आणि वापरण्याआधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम चालवून ते पूर्ण भरून तपासा. नकली कार्ड लिहिलेल्या क्षमतेच्या आधीच चुका दाखवते.

पायच्या बाबतीत, लिहिणे चालू असताना वीज गेली की कार्डावरची फाइल-व्यवस्था अर्धवट राहते. त्या कार्डावर प्रणालीची प्रतिमा (इमेज फाइल) पुन्हा लिहा, आणि चालू झालेल्या कार्डाची एक प्रत संगणकावर ठेवा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूचे बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पाय रीस्टार्ट होतो. सेव्ह-रॅमचा, म्हणजे गेममध्ये साठवलेल्या प्रगतीचा, ‘ऑटोसेव्ह’ अवधी फार कमी ठेवू नका. दर काही सेकंदांनी कार्डावर लिहिणे म्हणजे दर काही सेकंदांनी झटका, आणि वीज गेली तर नुकसानाची शक्यताही जास्त. एक-दोन मिनिटांचा अवधी पुरे. खेळ संपला की मेनूतून शटडाउन करा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबू द्या, आणि मगच बटण बंद करा.